लुंबिनीला गेलात, कुठे उतरलात?

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या आमच्या विहारात रविवारची वंदना झाल्यावर बैठक बसली. येत्या थंडीत पुन्हा एकदा बौद्ध स्थळांची सहल काढायची आणि या वेळीही लुंबिनी चुकवायची नाही, असा महिला मंडळाचा आग्रह होता. पहिला प्रश्न वर्गणीचा निघेल असे आम्हाला वाटले होते. पण मागच्या बाकावरून एका नव्या सूनबाईंनी विचारले, "मागच्या वेळी नेपाळात उतरला होतात ते हॉटेल कसं होतं?"

जे तेव्हा आले होते ते एकमेकांकडे बघून हसू लागले. विक्रोळीच्या मावशींनी तोंडाला पदर लावला. नव्या मंडळींना काही कळेना. शेवटी ते सगळे एकदा लिहूनच काढावे असे ठरले आणि लिहिण्याचे काम नेहमीप्रमाणे आमच्या गळ्यात पडले.

ही गोष्ट २०१९ च्या जानेवारीतली. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशी आमची अडतीस जणांची तुकडी. त्यात अंधेरीची दोन कुटुंबे पाहुणी म्हणून. कोणी पालिकेत झाडू खात्यात, कोणी गोदरेजमधून निवृत्त, कोणी घरकाम करणाऱ्या बाया, दोन शिक्षक, आणि हिशेब ठेवायला आमच्यासारखा कारकून. दीड वर्ष भिशी लावून पैसे उभे केले होते. एकदोघे सोडले तर सगळ्यांचाच हा पहिला परदेश. नेपाळला परदेश म्हणायचे की नाही यावर गाडीत बराच वाद झाला. ज्याचा भाचा दुबईला आहे तो म्हणाला, पासपोर्टवर शिक्का पडत नाही तो कसला परदेश! भांडुपचे काका म्हणाले, "घड्याळ पुढं करावं लागतं ना? मग झाला परदेश." काकांचे बरोबर होते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते.

लोकमान्य टिळक टर्मिनसवरून (आपण अजून कुर्ला टर्मिनसच म्हणतो) कुशीनगर एक्सप्रेस धरली. उत्तर प्रदेशात जानेवारीचे धुके म्हणजे काय ते मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. गाडी गोरखपूरला नऊ तास उशिरा पोचली. कुशीनगरला महापरिनिर्वाण मूर्तीपुढे वंदना घेतली आणि बसने सोनौलीच्या सरहद्दीवर आलो.

इथून आमच्या हॉटेलच्या कथेला सुरुवात होते.

सहल ठरवून देणारा माणूस आपल्याच समाजातला होता. त्याचे नाव घेत नाही, तो आजही भेटला की जयभीम घालतो. त्याने आम्हाला रंगीत पत्रक दिले होते. त्यात नेपाळच्या मुक्कामासमोर लिहिले होते : थ्री स्टार हॉटेल, लिफ्ट, गरम पाणी, बाथटब. सोनौलीला आल्यावर त्याच्या माणसाने सांगितले की बस पलीकडे नेता येणार नाही. भारतातली गाडी नेपाळात न्यायची तर तिचा 'भन्सार' भरावा लागतो, म्हणजे तिकडची जकात, तीही जितके दिवस राहायचे तितक्या दिवसांची. तो खर्च त्याने धरलाच नव्हता. तेव्हा बस अलीकडे ठेवून, बोचकी डोक्यावर घेऊन, धुक्यातून एका कमानीखालून आम्ही चालत परदेशात शिरलो. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, पण मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ असावा. आमच्या मावशींनी ओळखपत्र पोलक्यात ठेवले होते आणि एकाही शिपायाने ते मागितले नाही याचे त्यांना वाईट वाटले.

तिथून चार किलोमीटरवर भैरहवा. गावाचे सरकारी नाव सिद्धार्थनगर. लुंबिनीला जाणारे पुष्कळसे यात्रेकरू इथेच मुक्काम करतात.

हॉटेल चार मजली होते. पाटीवरच्या मोठ्या इंग्रजी अक्षरांपैकी दोन गळून पडली होती. आत संगमरवरी फरशी, छताला काचेचे झुंबर, त्यातले दोन दिवे चालू. काउंटरशेजारी माशांची काचेची पेटी होती, तिच्यात मासे नव्हते, पाणीही नव्हते, जुन्या बिलांच्या गड्ड्या होत्या. लिफ्ट होती. पत्रकात तेवढे खोटे नव्हते. लिफ्टमध्ये छतापर्यंत गाद्या रचून ठेवल्या होत्या. भिंतीवरचे घड्याळ मात्र बरोबर चालत होते. पंधरा मिनिटे पुढे असल्याने आम्हाला तेही बिघडलेले वाटले होते.

खोल्यांत एकेकाळी लाल असावा असा गालिचा. खिडकीच्या एका तावदानाच्या जागी पुठ्ठा. गीझरच्या जागी भिंतीतून निघालेला नळीचा तुकडा. आणि प्रत्येक पलंगाच्या उशाशी बर्फाच्छादित डोंगराचे चित्र. आम्ही समजलो हिमालयच असणार. मुलुंडच्या मुलाने जवळ जाऊन पाहिले तर तो जपानचा फुजी पर्वत होता! सगरमाथ्याच्या देशात फुजी पर्वत कशाला, हे कोडे रात्री सुटले. बाथटब होता. त्याचा पांढरा मुलामा उडाला होता आणि तळाला गंजाचा नकाशा उमटला होता, पण दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या आमच्या पोरांनी बाथटब फक्त सिनेमात पाहिलेला. एका सात वर्षांच्या पोराने तर हट्ट धरून त्यात रजई अंथरली आणि तिथेच झोपला. त्या हॉटेलात शांत झोप लागलेला तो एकटाच.

आता आधी नोंदवहीचे सांगतो.

काउंटरवर डोक्याला ढाका टोपी, गळ्याला मफलर असे एक वयस्कर मॅनेजर बसले होते. त्यांनी वही पुढे केली. रकाना होता : 'नाम, थर'. थर म्हणजे काय, आम्ही विचारले. आडनाव, कुळ, असे त्यांनी सांगितले. आमच्या तुकडीत सगळ्या तऱ्हेची आडनावे. काहींची उच्चारताच महाराष्ट्रात सगळे कळते अशी. काहींनी गावाच्या नावाला 'कर' लावून घेतलेली. मुलुंडचा मुलगा त्यातला; त्याच्या वडिलांनी भाड्याची खोली मिळावी म्हणून आडनाव बदलून घेतले, ते कागदपत्रांत तसेच राहिले. तो लिहिताना जरा घुटमळला. सवयच तशी लागलेली असते. नवीन जागी आडनाव सांगताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचे. इथे त्या मॅनेजरांच्या डोळ्यांत काहीच हलले नाही. आमची आडनावे त्यांना सगळी सारखीच.

विक्रोळीच्या मावशींना लिहिता येते पण चष्मा बॅगेत होता. मॅनेजरांनी विचारले, "थर?" मावशी ठसक्यात म्हणाल्या, "बौद्ध!" म्हातारा खूश झाला. "बौद्ध? शाक्य?" काठमांडूच्या बाजूला नेवार बौद्धांत शाक्य हे आडनावच आहे. त्यांना वाटले असेल तसलेच कोणी. मावशींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "हां, लिवा. शाक्य." त्या दिवसापासून मावशींना आम्ही शाक्यमावशी म्हणतो. पुढे कळले की तिकडच्या नेवार बौद्धांतही जातीची उतरंड आहे आणि शाक्य हे वरच्या पायरीवरचे. मावशी ऐकून म्हणाल्या, "मंग तर बरंच झालं, एका सहीत वर गेले."

गरम पाण्यावरून मात्र पहिल्याच सकाळी तंटा झाला. गीझर नाहीत, पाणी खाली चुलीवर तापवून बादलीने मिळेल, बादलीचे पन्नास. पन्नास कुठले? तिकडे बाजारात दोन शब्द सतत कानावर पडतात, 'आयसी' आणि 'एनसी', म्हणजे भारतीय पैसे आणि नेपाळी पैसे. १९९३ पासून शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी असा दर बांधलेला आहे. म्हणजे नेपाळी पन्नास हे आपले सव्वाएकतीस होतात. पाणी देणारा पोरगा आपले पन्नास घेत होता आणि बायका देत होत्या. आम्ही कारकुनी पेशाचे. पंचवीस बादल्यांचा फरक वहीत मांडून मॅनेजरांपुढे ठेवला. त्यांनी बिचाऱ्यांनी निमूट पैसे परत केले. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : दर विचारताना आयसी की एनसी हे आधी विचारावे. आम्ही गेलो त्याच्या आधीच्या महिन्यात, डिसेंबर २०१८ मध्ये, नेपाळ सरकारने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी आणली होती, म्हणून आम्ही शंभराच्या गड्ड्या बांधून नेल्या होत्या. हे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी.

पहिल्या सकाळी लुंबिनीला गेलो. धुके इतके की दहा हातांवरचा माणूस दिसत नव्हता. मायादेवी मंदिराच्या आवारात चपला बाहेर काढाव्या लागतात. थंडगार फरशीवरून अनवाणी चालताना म्हाताऱ्या बाया एकमेकींचे हात धरून चालल्या होत्या आणि अचानक धुक्यातून अशोकाचा स्तंभ समोर उभा राहिला. कोणीही काही बोलले नाही.

या स्तंभावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. १८९६ मध्ये तो उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर सम्राट अशोक स्वतः इथे आला, इथे शाक्यमुनी बुद्धांचा जन्म झाला म्हणून त्याने हा दगडी स्तंभ उभारला आणि लुंबिनी गावाचा 'बली' हा कर माफ करून उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचा असे ठरवले, असे त्यात कोरलेले आहे. आम्हाला यातली कराची ओळ फार आवडते. मोठ्या स्थळाला भेट देणारे राजे पुष्कळ झाले. पण ज्या गावात ते स्थळ आहे तिथल्या शेतकऱ्याचा बोजा हलका करावा आणि तो हुकूम दगडावर लिहून ठेवावा, हे अशोकालाच सुचले. मंदिराच्या आत, उत्खननात सापडलेल्या विटांच्या भिंतींमध्ये काचेखाली एक दगड ठेवला आहे; जन्माची नेमकी जागा दाखवणारा तो दगड, असे मानतात. रांग पुढे सरकत असते, थांबू देत नाहीत. भांडुपचे काका तिथे दोन मिनिटे थांबले आणि रखवालदाराने त्यांना काही म्हटले नाही.

बाहेर मोठा बगीचा आहे. १९६७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस ऊ थांट, स्वतः बर्मी बौद्ध, इथे आले होते. जगाच्या गुरूचे जन्मस्थान असे ओसाड पडलेले बघून त्यांनी ते सुधारण्याचे मनावर घेतले. जपानचे वास्तुशिल्पी केन्झो टांगे यांनी आराखडा केला, तो १९७८ मध्ये मंजूर झाला. मधे कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायानी देशांचे. १९९७ मध्ये लुंबिनी जागतिक वारशाच्या यादीत आली. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. पण आमच्या उशाशी फुजी पर्वत का, हे त्याच आराखड्यात दडले आहे, हे त्या रात्री मॅनेजरांनी सांगितल्यावर कळले.

दुसऱ्या रात्री दिवे गेले. जेवणघरात दोन मेणबत्त्या लावून सगळे रजया पांघरून बसलो होतो. मॅनेजर शेगडी घेऊन आले आणि आमच्यातच बसले. हिंदी चांगले बोलत. ते सांगू लागले : लुंबिनीचे काम सुरू झाले तेव्हा सगळ्यांना वाटले, आता जपानहून माणसे येणार. मालकाने शेत विकून, कर्ज काढून हे हॉटेल बांधले. जपानी माणसाला टबात बसायला लागते म्हणून टब आणले. त्याला घर आठवावे म्हणून फुजीची चित्रे लावली. काही वर्षे जपानी आलेही. मग १९९६ ला माओवाद्यांचे युद्ध सुरू झाले, दहा वर्षे चालले. संध्याकाळनंतर रस्त्यावर कोणी नसे. ते संपून जरा बरे दिवस येताहेत तोवर २०१५ चा भूकंप, त्यापाठोपाठ सरहद्दीवरची नाकेबंदी. गॅस नाही, डिझेल नाही. मालकाची मुले परदेशात गेली. "अब विमानतळ बन रहा है," ते म्हणाले, "वो होगा तो फिर लोग आएंगे." भैरहव्याचा तो गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ पुढे मे २०२२ मध्ये बुद्धपौर्णिमेला सुरू झाला.

म्हाताऱ्याची हकिकत ऐकून आमचा राग पुष्कळ उतरला. तरी मुलुंडचा मुलगा धुसफुसतच होता. "एवढे पैसे भरून ही खोली! बाबासाहेबांनी आपल्याला चांगलं राहायला शिकवलं ना?"

मेणबत्तीच्या उजेडात आम्हाला बडोद्याची आठवण झाली आणि ती आम्ही पोरांना सांगितली. वाचकांना ठाऊक असेल, तरी सांगतो. १९१७ मध्ये बाबासाहेब अमेरिका-इंग्लंडहून परतले आणि कराराप्रमाणे गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी बडोद्याला गेले. परदेशात कोणी जात विचारली नव्हती. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात तर नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे खोलीसोबती होते, पुढे आयुष्यभराचे स्नेही झाले. बडोद्याच्या स्टेशनवर मात्र प्रश्न पडला की जायचे कुठे? हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. एक पारशी धर्मशाळा होती. रखवालदाराने विचारले, तुम्ही पारशी का? नाही म्हटल्यावर तो जागा देईना. पण गिऱ्हाईक नव्हते, पैशाची गरज होती. दिवसाला दीड रुपयात खाणे-राहणे, आणि वहीत नाव पारशी लिहायचे, असे ठरले. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी मोठे दालन, त्यात मोडक्या खुर्च्या, बाके, फळ्या यांचा ढीग. विजेचा दिवा नाही. रात्री रखवालदार एक लहान कंदील आणून देई. त्या अडगळीत, त्या अंधारात, परदेशी विद्यापीठांत शिकून आलेला हा माणूस खोट्या नावाने राहिला. आणि तेही टिकले नाही. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्याने वर आले. संध्याकाळच्या आत खोली सोडायला सांगितली. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागून पाहिला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग कमाठी बागेत झाडाखाली बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सगळे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले. ते पुस्तक पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये छापले.

सांगून झाल्यावर कोणी काही बोलेना. मुलुंडच्या मुलाने विचारले, "म्हणजे त्यांनी वहीत खोटं थर लिहिलं?"

"लिहावं लागलं."

तो उठला, मेणबत्ती घेऊन काउंटरवर गेला आणि वही उघडून काहीतरी बघून आला. काय बघितले ते त्याने सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्यावरचे तीन संडास तुंबले. अडतीस माणसे, म्हातारी माणसे, लहान पोरे. मॅनेजर म्हणाले, जमादार दोन दिवस आला नाही, निरोप धाडला आहे. नऊ वाजले तरी कोणी येईना. तेव्हा भांडुपच्या काकांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्वयंपाकघरातून बांबूची कामटी, बादली आणि एक जुने पोते मागवले. काकांची चौतीस वर्षे पालिकेच्या कचरा खात्यात गेली. हजेरी चौकीवर पहाटे साडेसहाला सही, हे त्यांचे आयुष्य. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी खाकी कपडे जाळले होते, हे आम्हाला माहीत होते.

मुलुंडचा मुलगा आडवा आला. "काका, हात लावायचा नाही. आपण पैसे भरलेत. हे काम आपण सोडलंय." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. दोघे शिक्षकही त्याच्या बाजूने. बायकांत कुजबुज, पण पोट धरून उभी असलेली म्हातारी माणसे काय करणार!

काका म्हणाले, "सोडलं ते पगाराचं. ही घाण आपल्या माणसांची हाय." मुलगा म्हणाला, "तेच म्हणून म्हणून आपल्याला त्यात ठेवलं." काका गप्प झाले. आम्हाला कोणाची बाजू घ्यावी कळेना, आजही कळत नाही. आम्ही मध्यस्थी म्हणून म्हटले, थोडे थांबू या. तेवढ्यात जमादार आला.

वीस-बावीस वर्षांचा काटकुळा पोरगा, पायात रबरी चपला, अंगात पातळ स्वेटर. खाली मान घालून कामाला लागला. काका त्याच्याजवळ उभे राहून कामटी कशी तिरपी घालायची ते हाताने दाखवत होते, त्या पोराला येत असूनही. तासाभरात काम झाले. काकांनी त्याला खांद्याला धरून जेवणघरात आणले आणि खुर्चीवर बसवले. तो बसेना, अर्धा टेकला. वेटरला म्हणाले, चहा.

वेटरने आम्हाला कपबशीत चहा दिला आणि त्या पोरासमोर कागदाचा पेला ठेवला, हात न लागेल असा.

आम्ही सगळ्यांनी ते पाहिले. त्या एका पेल्यात अख्खे गाव दिसले. नेपाळात १९६३ च्या मुलुकी ऐनपासून कायद्याने जातिभेद उरलेला नाही, २०११ मध्ये अस्पृश्यतेला शिक्षा देणारा कायदाही झाला. कागदावर. काकांनी काही न बोलता आपली कपबशी त्याच्यापुढे सरकवली आणि कागदाचा पेला स्वतः उचलला. पोरगा कपाला हात लावेना. वेटरकडे बघत होता. शाक्यमावशी म्हणाल्या, "पी रं बाबा, थंड होतंय." भाषा कळली नसेल, पण प्यायला. घोट घोट नव्हे, एका दमात, पोळला असेल. आणि उठून गेला. त्याने जात सांगितली नाही, आम्हीही विचारली नाही.

त्या दुपारी तिलौराकोटला गेलो, कपिलवस्तूचे म्हणून जे अवशेष दाखवतात तिथे. पण आमचे लक्ष लागत नव्हते. बसमध्ये मुलुंडचा मुलगा म्हणाला, "आपण उद्या निघून जाऊ. त्याला इथंच राहायचंय." बरोबर बोलला. आपण चार दिवसांचे पाहुणे, कप सरकवून मोकळे होतो. ज्या कपातून तो प्यायला त्या कपाचे पुढे काय झाले, हे बघायला आम्ही स्वयंपाकघरात गेलो नव्हतो.

चौथ्या दिवशी सकाळी निघताना तो पुन्हा आला होता. मागच्या दारी, पायरीवर बसून स्वतःच्या घरून आणलेल्या स्टीलच्या पेल्यात चहा पीत होता. काकांना बघून उभा राहिला आणि हात जोडले. काकांनी त्याला आपला मफलर दिला. मॅनेजर दारापर्यंत पोचवायला आले. नोंदवहीत आमच्यासमोरच्या शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू, असे त्यांनी विचारले तेव्हा शिक्षकांनी लिहिले, 'माणूस चांगला, इमारत दुरुस्त करावी.'

मुंबईत आल्यावर संयोजकाकडून हिशेब घ्यायला आम्हाला चार महिने लागले. माणशी सहाशे रुपये परत मिळाले, तेही भन्सार न भरल्याच्या मुद्द्यावर. त्यावर त्याला बोलता आले नाही. तेव्हा या वेळी आम्ही काही गोष्टी आधीच लिहून घेणार आहोत. हॉटेलचे नाव आणि पत्ता पत्रकात हवा, नुसते 'थ्री स्टार' चालणार नाही. एका खोलीत किती माणसे, गरम पाणी नळाला की बादलीने, बस नेपाळात येणार की सोनौलीला राहणार, आणि भन्सार कोणी भरायचा. निम्मे पैसे परत आल्यावर. थंडीत जायचे तर जाड रजई स्वतःची न्यावी आणि मोबाईल तिकडे बंद पडतो म्हणून सगळ्यांनी भेटीची जागा आधी ठरवावी. लुंबिनीच्या आवारात काही विहारांत यात्रेकरूंना दानावर राहू देतात. कोरियन विहार त्यासाठी प्रसिद्ध आहे. खोल्या साध्या, जेवण साधे, पण पहाटे उठून चालत मायादेवी मंदिराशी जाता येते. आम्ही बैठकीत हेच सुचवले. बहुतेकांना पटले.

मग भांडुपच्या काकांनी हात वर केला. आता त्यांना नीट ऐकू येत नाही, मोठ्याने बोलतात. म्हणाले, एक रात्र तरी त्याच हॉटेलात काढायची.

"काका, तिथं कशाला? संडास आठवतात ना?"

"ते पोरगं बघायचंय," काका म्हणाले. "लगीन झालं असंल आता."

यावर मतदान घ्यायचे राहिले आहे. पुढच्या रविवारी वंदनेनंतर पुन्हा बैठक आहे. ज्यांना यायचे आहे त्यांनी मतदार ओळखपत्राची एक प्रत आणि पहिला हप्ता घेऊन यावे.